गिझर कोणत्या भिंतीवर होता

सोमवारी शाळेतून घरी आले तर बाबा घरात. भरदुपारी बाबा घरात म्हणजे एकतर ताप, नाहीतर आभाळ कोसळलेलं. मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

टेबलावर एक खाकी पाकीट होतं, फोडलेलं. ते कधीही उठून चावेल अशा नजरेनं बाबा त्याच्याकडे बघत होते.

"वाच," ते म्हणाले. "मी तीनदा वाचलं. आता तू वाच."

पत्र चारच ओळींचं होतं. गाण्याच्या क्लासवाल्या बाईंच्या घरी तुम्ही केलेलं काम सवलतीच्या बाहेरचं दिसतंय, गुरुवारी दुपारी चार वाजता तिथंच तपासणी होईल, तुमचं कार्ड ठेवायचं की रद्द करायचं ते त्यानंतर ठरेल. खाली सही अशी की नुसती गांडुळं.

हे कार्ड काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. माझे बाबा प्लंबर. विजेचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननंच करायचं असा कायदा आहे आणि तो बरोबरच आहे. पण गिझर गळायला लागला की लोक प्लंबरला बोलावतात. प्लंबर येतो, गिझर बघतो आणि म्हणतो, "वायर सोडवायला आधी इलेक्ट्रिशियन बोलवा." इलेक्ट्रिशियन परवा येतो. वायर जोडायला तेरवा येतो. तोवर घरातली माणसं गार पाण्यानं अंघोळ करत दोघांच्या नावानं खडे फोडतात. म्हणून विजेच्या सरकारी कार्यालयानं एक परीक्षा ठेवली. ती पास झालेल्या प्लंबरला सूट मिळते आणि तसं कार्डही. जुना गिझर उतरवायचा, नवा चढवायचा आणि भिंतीतून आधीच आलेल्या तीन वायरी त्याला जोडायच्या. बस. तीच जागा, तीच ताकद, तीच वायर. गिझर या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला, नवी वायर ओढली, की सूट संपली.

बाबा ती परीक्षा तिसऱ्या खेपेला पास झाले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. मी टेबलाच्या या टोकाला भूमिती करत होते, ते त्या टोकाला नियमांचं पुस्तक पाठ करत होते. आई म्हणायची, "कोण कोणाला बिघडवतंय कळत नाही." तेव्हापासून कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं, प्लॅस्टिकच्या कव्हरात. आई शर्ट धुवायला टाकते तेव्हा ते बनियनच्या आत घालून फिरतात.

"बाबा, तुम्ही गिझर हलवलात का?"

"काहीतरीच काय. तीच जागा."

"मग झालं तर! कोणीतरी खोटी तक्रार केलीय."

"कोण करेल?" बाबा म्हणाले. पण ते हे इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, यांना माहितीय कोण.

मला तर लगेच कळलं. मामा.

पाच वर्षांपूर्वीची मी असते तर हा विचार मनातल्या मनात गिळून टाकला असता. तेव्हा वर्गात माझ्या तोंडून ब्र निघत नसे. पण गेल्या महिन्यात मी शाळांच्या वादविवाद स्पर्धेत पहिली आले, समोरच्या मुलाला "आपला मुद्दा आपल्यालाच तरी पटला आहे का?" असं विचारून. तो खरोखर विचारात पडला. तेव्हापासून मला असं वाटतं की जगातली कुठलीही गोष्ट नीट प्रश्न विचारले की उलगडते. मामा मला तेव्हापासून वकीलबाई म्हणतो.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तो लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आहे आणि बाबांना सूट मिळाल्याचं त्याच्या पोटात दुखतं असा माझा पहिल्यापासून कयास. पुरावा? दर रविवारी तो चहाला येतो आणि पहिल्या घोटाबरोबर सुरू होतो.

"काय दाजी, आज किती वायरी जोडल्या? उद्या दातांचा डॉक्टर म्हणेल, छाती तिथून जवळच आहे, हृदयाचंही बघून घेतो."

"मेहुणे," बाबा म्हणतात, "तुमच्याकडे गेल्या महिन्यात सिंक तुंबलं तेव्हा काठी घालून पाइप कोणी फोडला? पुढच्या वेळी आधी फोन करा."

दोघं हसतात. पण हसण्याआड काय काय लपतं ते मला आता समजायला लागलंय.

आईला मी माझा संशय सांगितला तेव्हा ती कणीक मळत होती. तेवढ्यात बाथरूममधून बाबा ओरडले, "अगं, उजवा कॉक बंद कर!" आईनं कोपरानं डावीकडचा कॉक फिरवला, मान वर न करता. पाणी बंद झालं.

"माझा भाऊ असं करेल?" आई म्हणाली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग गेल्या पंधरा दिवसांत तो दोनदा बाबांना दारामागे नेऊन काय कुजबुजत होता? मी आले की दोघं गप्प. मागच्या रविवारी बाबा म्हणाले, 'घरात बोलू नका.' मी ऐकलं."

आईचे हात कणकेत थांबले. म्हणजे तिलाही हे माहीत नव्हतं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी सरळ गाण्याच्या बाईंकडे गेले. तपास जागेवर करावा लागतो. बेल वाजवली आणि दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "मला गाणं शिकायचंय."

बाई बारीक होत्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "सा लाव."

मी लावला. आतल्या खोलीतली मांजर उठून गेली.

"हं," बाई म्हणाल्या. "आवाज मोठा आहे. बाकी करता येईल."

"बाई, हात धुवायचे होते."

बाथरूम चिंचोळं होतं. दारातून आत गेलं की समोर नळ, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. मी आधी उजवीकडे बघितलं, कारण मला माहीत होतं गिझर उजवीकडे आहे. मला माहीत होतं, कारण काम झाल्यावर कार्यालयाला पाठवायचा फॉर्म मीच भरला होता.

ते असं झालं. बाबा आधी फॉर्म स्वतः भरायचे आणि 'जागा' या रकान्यात प्रत्येक वेळी 'तीच जागा' लिहायचे, तेही असं की झुरळ शाईत पडून चालत गेलंय. या वेळी मी म्हटलं, "बाबा, द्या इकडे. हे काय, तीच जागा? वाचणाऱ्याला काही दिसायला नको?" मग बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. 'न्हाणीघराच्या उजव्या भिंतीवर, जमिनीपासून सहा फूट उंचीवर.' आणि खाली नकाशा काढला, दार, नळ, गिझर, निळ्या-लाल पेनांनी. फूटपट्टी वापरली. बाबांनी सही केली आणि म्हणाले, "वा! हे तर फ्रेम करून लावण्यासारखं झालं."

आणि आता उजव्या भिंतीवर गिझर नव्हता. आरसा होता.

गिझर डाव्या भिंतीवर होता. नवाकोरा, पांढराशुभ्र, त्यावरचा बारका दिवा लाल डोळ्यासारखा माझ्यावर रोखलेला.

बाबांनी मला सांगितलं उजवी. म्हणजे गिझर आधी उजवीकडे होता. म्हणजे बाबांनी तो डावीकडे नेला, नवी वायर ओढली आणि फॉर्मवर माझ्या हातून जुनी जागा लिहून घेतली. आरसा कशासाठी? जुनी भोकं झाकायला. मी आरशाची कड धरून मागे डोकावायचा प्रयत्न केला. तो भिंतीला घट्ट होता. आरशात माझाच चेहरा, चोरी पकडलेल्या माणसासारखा. खरं तर मी पकडणारी होते.

बाहेर आले तर बाई चहाचा कप घेऊन उभ्या. "तू प्लंबरची मुलगी ना? नाक तेच आहे."

मी चहा घेतला. काय करणार?

"बाई, बाबांचं काम झाल्यावर इथं अजून कोणी आलं होतं?"

"आले होते की. दुसऱ्या दिवशी. उंच गृहस्थ, शिट्टी वाजवत आले. स्टुलावर चढले, गिझरचं झाकण उघडलं, काहीतरी यंत्र लावून बघितलं, वहीत लिहिलं आणि गेले. दहा मिनिटं. पैसे नाही, पाणी नाही."

उंच. शिट्टी. वही. मामाच.

घरी येताना माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही वाईट. एक, मामानं बाबांच्या मागे जाऊन चूक शोधली आणि तक्रार केली. दोन, चूक खरी होती. पहिली मी कोणालाही सांगू शकत होते. दुसरी नाही. रात्रभर नव्हे, पण बुधवारची पूर्ण शाळा मी बाबांना विचारायचं वाक्य तयार करत बसले. 'बाबा, आरशामागे काय आहे?' एवढंच. स्पर्धेत दोनशे लोकांसमोर बोलणारी मी, संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, भूक लागली."

बुधवारी मामा आला. बुधवारी तो कधी येत नाही. आल्या आल्या बाबांना म्हणाला, "दाजी, उद्या मी पण येतो तिथं."

झालं. माझ्या तोंडाचं झाकण उडालं.

"कशाला? साक्ष द्यायला? पुरेसं झालं नाही का अजून?"

"काय गं वकीलबाई?"

"तू गेला होतास बाईंकडे. बाबांच्या मागे. स्टुलावर चढून झाकण उघडलंस, वहीत लिहिलंस. आणि मग पत्र आलं! तुला पहिल्यापासून बाबांची सूट सलतेय. तूच तक्रार केलीस!"

आईच्या हातातलं झाकण पातेल्यावर पडलं. मी त्याच्या टोमण्याची वाट बघत होते. टोमणा आला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबांनी खाली बघितलं. मग मामानं अर्धा कप चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि गेला. त्याचा टेस्टर टेबलावरच राहिला. मामा एक वेळ पाकीट विसरेल, टेस्टर नाही.

"बाबा, तुम्ही काही बोलत का नाही?"

"उद्या होऊ दे," बाबा म्हणाले. "काय बोलायचं ते उद्या." आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून बसले, कार्ड उडून जाईल तसे.

गुरुवारी मी शेवटचा तास बुडवला नाही, पण शेवटच्या तासाला मी वर्गात होते असंही म्हणता येणार नाही. पावणेचारला धावत बाईंकडे पोचले. बाबा इस्त्रीच्या शर्टात. मामा दाराशी उभा, शिट्टी नाही. मी त्याचा टेस्टर पुढे केला. त्यानं तो घेतला आणि माझ्याकडे न बघता खिशाला लावला.

तपासनीस बाई ठोकळ्यासारख्या, पायात जाड बूट, गळ्यात टॉर्च, काखेत फाइल. आतून कुणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होतं आणि प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी घसरत होतं.

"हा गिझर तुम्ही बसवला?"

"हो."

"आधी कुठे होता?"

"इथंच. तीच जागा."

तपासनीस बाईंनी फाइल उघडली. "मग मला हे समजावून सांगा. अकरा वर्षांपूर्वीची नोंद म्हणते, डावी भिंत. तुमचा फॉर्म म्हणतो, उजवी. चित्रासकट." आणि त्यांनी माझा नकाशा वर धरला, निळा-लाल, फूटपट्टीनं आखलेला. "कार्यालयात कोणी चित्र काढून पाठवत नाही, म्हणून सगळ्यांनी बघितलं. कौतुकानं बघता बघता एकानं जुना कागद शेजारी ठेवला."

"म्हणजे... तक्रार कोणी केली?" मी विचारलं.

"तक्रार? तक्रार कुठे आहे? दोन कागद जुळत नाहीत, एवढंच."

माझे कान इतके तापले की त्यांच्यावर अंघोळीचं पाणी निघालं असतं. मामा छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुमचा फॉर्म उजवी म्हणतो आणि गिझर डावीकडे आहे," तपासनीस बाई बाबांना म्हणाल्या. "एकतर तुम्ही तो हलवला, नाहीतर खोटं लिहिलं. काय ते सांगा."

"डावीकडे कुठे आहे?" बाबा म्हणाले. "उजवीकडेच आहे."

आतलं गाणं नेमकं तेव्हाच थांबलं.

"बाबा," मी म्हटलं, "ही डावी आहे."

"अगं, ही उजवी." आणि बाबा बाथरूममध्ये शिरले, नळाला पाठ लावून दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि उजवा हात वर केला. हात गिझरला लागला. "पाणी येतं कुठून? या भिंतीतून. पाण्याबरोबर बाहेर यायचं. पाण्याची जी उजवी, ती उजवी. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या उस्तादानं असंच शिकवलं. भिंतीआडचे पाइप बसवताना चुकायचं नसेल तर पाण्यासारखं उभं राहायचं."

आणि मला आई दिसली, कणकेनं भरलेल्या हातांची, 'उजवा' ऐकून कोपरानं डावा कॉक फिरवणारी. आमच्या घरात हे इतकं मुरलेलं की कोणाला ते दिसतच नाही. ऐकताना मीही रोज बरोबर फिरवते. फक्त लिहिताना मी मनानं दारात उभी राहिले.

"आरसा काढा," तपासनीस बाई म्हणाल्या. एवढ्यावर त्यांचं समाधान होणार नव्हतं आणि खरं सांगते, माझंही नव्हतं.

मामानं स्क्रू सोडवले. आरशामागे फरश्या होत्या. सलग, गुळगुळीत, आरशाच्या स्क्रूंची सोडली तर एकही भोक नाही. नुसता एक कोळी, तोही मेलेला.

मग तपासनीस बाई स्टुलावर चढल्या, टॉर्च लावून गिझरच्या वायरी बघितल्या. वायरी जिथून बाहेर येतात त्या भिंतीतल्या डबीवर जुन्या रंगाचा थर होता, वर्षानुवर्षांचा, कडेला कुठेही तडा नाही.

"डबीचं झाकण उघडून आत बघा," मामा पहिल्यांदा बोलला. "पेन्सिलनं तारीख असेल आणि माझी सही. अकरा वर्षांपूर्वी हा पॉइंट मीच काढलाय. मी दारात उभा राहून डावी लिहितो, माणसासारखी."

तारीख होती. बाईंनी ती वहीत उतरवली. पण वही मिटताना थांबल्या. "तुम्ही इथं काय करताय? पंधरा दिवसांपूर्वीही आला होतात असं घरमालकीण म्हणतात."

मामा बाबांकडे बघायला लागला. बाबांनी घसा खाकरला.

"मी बोलावतो. माझा प्रत्येक गिझर झाल्यावर दुसऱ्या दिवशी हे येऊन तपासून जातात. घरात सांगायचं नाही असं मीच ठरवलं होतं. मुलगी म्हणाली असती, बाबा, परीक्षा पास झालात ना?"

"म्हणजे स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

"आहे," बाबा म्हणाले. "पण पाणी गळलं तर गिऱ्हाईक ओरडतं. पाण्यात वीज उतरली तर ओरडायलाही कोणी राहत नाही. म्हणून दोन जोड्या डोळे."

तपासनीस बाईंनी वही मिटली. त्यांना हे पटलं की त्यांनी ते मनात कुठेतरी टिपून ठेवलं, मला अजून सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा तसाच आहे, बंद खोक्यासारखा.

"कार्ड राहील," त्या म्हणाल्या. बाबांचा हात आपोआप खिशाकडे गेला. "पण हा फॉर्म रद्द. फॉर्मच्या तळाशी लिहिलंय, काम करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं भरावा. बारीक अक्षरात आहे, पण आहे." आणि माझ्याकडे बघून, "चित्रकारांनी पण वाचावं."

मी, जिला नियमांचं अख्खं पुस्तक तोंडपाठ आहे अशी घरात ख्याती, तिनं ती ओळ कधी वाचलीच नव्हती.

बाबा गाण्याच्या बाईंच्या पेटीवर कोरा फॉर्म ठेवून भरायला बसले. झुरळ पुन्हा चालायला लागलं. माझा हात नुसता सळसळत होता. मी तो पाठीमागे धरून मामाजवळ जाऊन उभी राहिले.

"मामा."

तो तळहातावरचे स्क्रू मोजत होता.

"मामा, मी काल जे बोलले..."

"ते तुला स्वतःला तरी पटलं होतं का?" मामानं विचारलं.

माझंच वाक्य. स्पर्धेत ते किती छान वाटलं होतं.

"पटलं होतं," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग? "पूर्ण पटलं होतं. तेच तर वाईट आहे. चुकले मी."

मामानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून कोण जाणे. मग आरसा उचलून माझ्या हातात दिला. "धर. सरळ धर. मी स्क्रू लावतो."

मी दोन्ही हातांनी आरसा भिंतीला टेकवून धरला. आरशात माझ्या खांद्यावरून दाराबाहेरचे बाबा दिसत होते, पेटीवर वाकलेले. ते 'जागा' या रकान्यापाशी अडले होते. त्यांनी पेन दातात धरलं, बाथरूमकडे बघितलं, एक हात वर केला, मग दुसरा, मग दोन्ही खाली. आणि लिहिलं. इथून अक्षर दिसत नव्हतं, पण शब्द दोनच होते.

"आरसा डावीकडे घे थोडा," मामा म्हणाला.

"कोणाच्या डावीकडे?"

मामाच्या तोंडात स्क्रू होता म्हणून तो हसू शकला नाही. पण हसला असता, असं मला वाटतं. शंभर टक्के नाही सांगत. आजकाल मी शंभर टक्के काही सांगत नाही.

निघताना गाण्याच्या बाईंनी मला दारात गाठलं. "शनिवारी पाच वाजता. पहिल्या दिवशी उशीर चालणार नाही."

"अहो बाई, मी ते... म्हणजे ते मी..."

"हिला? गाणं?" मामा जिन्यातून म्हणाला. "दाजी, या घराला आता गिझर नको, कानात घालायला कापूस द्या." आणि जिना उतरता उतरता त्याची शिट्टी सुरू झाली.